गिअरपेटीचे तेल : मोठा आकडा की योग्य आकडा?

ग्वाल्हेरच्या मेळ्याला १९०५ साली महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत आरंभ झाला, तेव्हा तो मुख्यतः गुरांचा मेळा होता. बैल घ्यावयास आलेला शेतकरी बैलाचे दात पाही, खूर पाही, त्याला चार पावले चालवून पाही आणि तो काय खातो हेही विचारून घेई. आज त्याच मेळ्यात मोटारींची दालने उभी राहतात. ज्या वर्षी रस्ता-करात सवलत जाहीर होते त्या वर्षी तर तेथे पाय ठेवण्यास जागा उरत नाही. गिऱ्हाईक किंमत विचारतो, रंग विचारतो, एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर धावते हेही विचारतो. परंतु गाडीचे दात कोणी पाहत नाही आणि ते दात काय खातात हे तर कोणीच विचारत नाही.

मोटारीला दात असतात, आणि ते गिअरपेटीत असतात. त्यांचे खाणे म्हणजे पेटीतील तेल. इंजिनाचे तेल वारंवार बदलावे लागत असल्यामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. गिअरपेटीचे तेल मात्र वर्षानुवर्षे दृष्टीआड राहते. मोफत देखभालीची मुदत संपली की गाडी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जाऊ लागते. एके दिवशी मिस्त्री म्हणतो, “साहेब, गिअर ऑइल बढ़िया वाला डाल दूँ?” मालक मान हलवतो. बढ़िया कोणाला नको? त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारीच्या एखाद्या सकाळी, दुसरा गिअर घालताना पेटीतून करकर आवाज येतो. दोष गाडीला दिला जातो, रस्त्याला दिला जातो, चालवणाऱ्या मुलाच्या हाताला दिला जातो. तेलाकडे कोणाचे लक्षही जात नाही. भाड्याच्या गाडीवर ज्याचा संसार चालतो त्याच्या बाबतीत गिअरपेटी उघडणे म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नव्हे. गाडी जितके दिवस उभी, तितके दिवस घरात मिळकत नाही. म्हणून हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे, आणि तो मुळीच अवघड नाही.

प्रथम पेटीचे काम पाहू. इंजिन वेगाने फिरते, परंतु कमी वेगात त्याचा जोर अपुरा पडतो. उभी गाडी हलवावयाची असता किंवा चढ चढावयाचा असता जोर अधिक हवा असतो, वेग नव्हे. सपाट रस्त्यावर याच्या उलट. लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्या बदलून हा सौदा करून देणारी पेटी ती गिअरपेटी. या दंतचक्रांचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असला तर ते लाखो फेऱ्या टिकतात. नसला तर थोड्याच काळात खरवडले जातात.

मोटारींच्या आरंभीच्या काळात या तेलाची निवड अगदी सोपी होती. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी घाटमाथ्यावरून जाणारी मोटारींची चाचणी झाली. तीत रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी यशस्वी ठरली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. त्या काळच्या मोटारींच्या पेटीतील दंतचक्रे सरळ एकमेकांत सरकवून जुळवावी लागत. दोन्हींचा वेग सारखा नसला तर दातावर दात आपटे. म्हणून चालक क्लच दोनदा दाबी, मध्ये इंजिनाचा वेग कमीजास्त करी आणि कानाने अंदाज घेऊन गिअर घाली. ही एक कलाच होती. या पेटीला जाड खनिज तेल पुरेसे होई. त्यात कोणतेही विशेष रसायन नसे.

पुढे वीस वर्षांच्या आत दोन शोध लागले आणि तेलाचा प्रश्न गुंतागुंतीचा झाला.

पहिला शोध मागील धुऱ्याचा. १९२६ साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने ‘हायपॉइड’ नावाची दंतचक्रे वापरात आणली. यांत लहान चक्राचा अक्ष मोठ्या चक्राच्या मध्यापासून खाली सरकवलेला असतो. त्यामुळे गाडीचा मधला दांडा खाली आला, गाडीची बैठक ठेंगणी झाली आणि आवाजही कमी झाला. परंतु या रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते घसरतातही. या घसरणीत तेलाचा साधा पापुद्रा फाटतो आणि धातू धातूला भिडतो. उपाय म्हणून तेलात गंधकाची व फॉस्फरसची संयुगे मिसळण्यात येऊ लागली. दातांच्या टोकाशी उष्णता वाढली की ही संयुगे पोलादाशी संयोग पावतात आणि त्यावर एक अतिशय पातळ संरक्षक थर चढवतात. तांब्यापितळेच्या भांड्याला आपण कल्हई करतो, त्यासारखाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे कल्हई झिजत जाते आणि तेल ती पुन्हा पुन्हा चढवीत राहते.

दुसरा शोध गिअरपेटीतला. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत ‘सिंक्रोमेश’ ही योजना प्रथम आली. चालत्या बसमध्ये चढू पाहणारा माणूस एकदम पायरीवर उडी घेत नाही; आधी बसबरोबर चार पावले धावतो आणि दोघांचा वेग जुळला की मग पाय टाकतो. सिंक्रोमेश म्हणजे दंतचक्राला असे चार पावले धावावयास लावणारी कडी. ही कडी बहुधा पितळेची किंवा तत्सम तांबेमिश्रित धातूची असते. गिअर घालताना ती दंतचक्राच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दात आत सरकू देते. आज लाखो लोक कोणतीही कला न शिकता सुखाने गिअर बदलतात, ते या कडीच्या जिवावर.

सारा पेच येथेच आहे. मागील धुऱ्यातील हायपॉइड चक्रांना उग्र रसायनाचे, निसरडे तेल हवे असते. गिअरपेटीतील कडीला यांपैकी काहीच मानवत नाही. तिचे काम घर्षणावर चालते. तेल फार निसरडे झाले की कडी घसरत राहते, वेग जुळत नाही आणि दात आपटतात. बसबरोबर धावणाऱ्याच्या पायाखाली केळीची साल यावी तसे होते. दुसरे असे की, जे गंधक पोलादाचे रक्षण करते तेच पितळेवर उलटू शकते. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ताक ठेवले तर ते कळकते हे घरोघरी ठाऊक आहे. तेथे ताकाचा दोष नाही आणि भांड्याचाही नाही. दोष आहे तो त्यांना एकत्र आणणाऱ्याचा.

तेलाच्या डब्यावर जी अक्षरे असतात ती हाच भेद सांगतात. ‘जीएल’ ही अक्षरे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीतील असून ती गिअरच्या वंगणासाठी आहेत. त्यांपुढे आकडा असतो. मोटारीच्या मालकाशी आज प्रायः दोनच आकड्यांचा संबंध येतो : जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-५ हे मुख्यतः हायपॉइड चक्रांसाठी. जीएल-४ हे त्याहून सौम्य कामासाठी आणि सिंक्रोमेश असलेल्या बहुतेक गिअरपेट्यांसाठी. जीएल-४ मध्ये दाब सोसणाऱ्या रसायनाचे प्रमाण जीएल-५ च्या सुमारे निम्मे असते.

शाळेत पाचवीची इयत्ता चौथीच्या पुढची असते. म्हणून दुकानात उभा असलेला माणूस पाच हा आकडा चारापेक्षा वरचा समजतो. मिस्त्रीचे ‘बढ़िया’ पुष्कळदा येथूनच निघते. परंतु हे आकडे इयत्तांचे नव्हेत. ते कामाचे आहेत. सोनाराची हातोडी आणि लोहाराचा घण यांत श्रेष्ठ कोण, असे कोणी विचारीत नाही. नथ घडवावयाची की नांगराचा फाळ, एवढेच विचारतात. हेही न्यायाने सांगितले पाहिजे की प्रत्येक जीएल-५ तेल पितळ खातेच असे नाही. चांगल्या कारखान्यांतील कित्येक तेलांत पितळेचे रक्षण करणारी द्रव्ये घातलेली असतात, आणि काही तेले जीएल-४ व जीएल-५ या दोन्ही कसोट्यांस उतरल्याचे डब्यावर लिहिलेले असते. परंतु डब्याकडे पाहून ग्राहकाला त्याची आतली घडण कळत नाही. ज्या गाडीच्या पुस्तिकेत फक्त जीएल-४ लिहिले आहे, तीत जीएल-४ च घालणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

आता दुसरी खूण : दाटपणा. शास्त्रात यास श्यानता म्हणतात. काकवीची बरणी जानेवारीत उलटी केली तर काकवी आळसटून खाली उतरते. मे महिन्यात तीच भराभर वाहते. तेलाचेही तसेच. साधारण ८० डब्ल्यू-९० दर्जाचे गिअर तेल ४० अंशांवर जितके दाट असते, त्याच्या सुमारे एकदशांश ते १०० अंशांवर राहते. ग्वाल्हेरसारख्या गावी ही गोष्ट विशेष महत्त्वाची. येथे उन्हाळ्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि हिवाळ्यात धुक्याच्या पहाटे तो पाच अंशांच्याही खाली येतो. एकाच तेलाला ही दोन्ही टोके सांभाळावयाची असतात.

म्हणून डब्यावर दोन आकडे असतात. हे मापन सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या अमेरिकेतील संस्थेचे. योगायोग असा की ती संस्थाही ग्वाल्हेरच्या मेळ्याप्रमाणे १९०५ सालचीच. ‘७५ डब्ल्यू-९०’ यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याचे आद्याक्षर आहे. त्याआधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो आणि तो जितका लहान तितके तेल थंडीत अधिक वाहते. ७५ डब्ल्यूची कसोटी शून्याखाली ४० अंशांवर घेतात, ८० डब्ल्यूची शून्याखाली २६ अंशांवर. इतकी थंडी ग्वाल्हेरात पडत नाही हे खरे. परंतु जे तेल तेथे वाहू शकते ते येथल्या पाच अंशांवरही अधिक मोकळे असते. शेवटचा ९० हा आकडा तेल तापल्यानंतरचा दाटपणा सांगतो. ही कसोटी १०० अंशांवर घेतात.

आकड्यांची आणखी एक फसगत येथे सांगून टाकावी. गिअर तेलाचे ९० हे इंजिन तेलाच्या ४० किंवा ५० पेक्षा दुप्पट दाट असते असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. दोन्ही मापनपट्ट्या वेगळ्या ठेवल्या आहेत, जेणेकरून एका प्रकारचे तेल चुकून दुसऱ्या ठिकाणी जाऊ नये. १०० अंशांवर गिअरचे ९० नंबरचे तेल हे इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाइतकेच दाट असते.

दाटपणा चुकला तर काय होते? तेल फार दाट असले तर सिंक्रोमेशच्या कडीखालून ते वेळेवर बाजूस सरत नाही. कडीच्या अंगावर बारीक चऱ्या असतात त्या याचसाठी, की तेलाचा पापुद्रा कापून पकड घेता यावी. दाट तेलात त्या चऱ्या तुंबतात आणि सकाळच्या पहिल्या दोन-चार किलोमीटरांत गिअर अडखळतो. तेल तापले की तक्रार नाहीशी होते. याउलट तेल फार पातळ असले तर दातांमधील पापुद्रा अपुरा पडतो, पेटी घूं घूं असा आवाज करू लागते आणि बेअरिंगे लवकर झिजतात. पेटी जुनी झाली, आवाज करू लागली, म्हणून तीत जाड तेल ओतण्याची युक्ती कित्येक ठिकाणी चालते. आवाज दबतो, पण झीज भरून येत नाही. दुखणे तसेच राहते आणि रोग्याचे तोंड तेवढे बंद होते.

मग कोणत्या गाडीत काय घालावे? येथे गाडीची घडण लक्षात घेतली की गोंधळ मिटतो. अँबॅसडर, जीप, ओम्नी, ईको, बोलेरो या मागील चाके ओढणाऱ्या गाड्या. यांत गिअरपेटी पुढे आणि डिफरन्शियल मागे, अशी दोन वेगळी घरे असतात, आणि दोहोंचे तेल वेगळे असू शकते : पुढे बहुधा जीएल-४, मागे जीएल-५. ‘नब्बे नंबर’ म्हणून एकाच पिंपातील तेल दोन्हीकडे ओतणे ही चूक येथेच होते. याउलट १९८३ साली आलेली मारुती ८०० आणि तिच्यानंतरच्या बहुतेक लहान मोटारी पुढील चाके ओढणाऱ्या आहेत. यांत गिअरपेटी व डिफरन्शियल एकाच घरात नांदतात. इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे शक्तीला काटकोनात वळावे लागत नाही. म्हणून हायपॉइड चक्राची गरजच उरत नाही. सारांश, अशा गाडीत उग्र तेलाने ज्याचे रक्षण करावे असे काही नसते आणि ज्याची हानी व्हावी अशी पितळेची कडी मात्र असते.

सर्वच पेट्यांना गिअर तेल लागते असेही नाही. १९५९ साली इंग्लंडात आलेल्या मिनी मोटारीची गिअरपेटी इंजिनाच्या तळघरातच होती आणि दोघांना एकच इंजिन तेल पुरे. काही कारखानदार आपल्या पेट्यांसाठी खास पातळ तेल नेमून देतात. काहींनी स्वयंचलित पेटीचे तांबडे तेल हाताने बदलावयाच्या पेटीतही सांगितले आहे. २०१४ पासून आपल्याकडे प्रचारात आलेल्या, क्लचविना चालणाऱ्या कित्येक स्वस्त गाड्यांत आतली पेटी नेहमीचीच असून गिअर बदलण्याचे काम यंत्राकडे सोपवलेले असते. तेथे पेटीचे तेल वेगळे आणि त्या यंत्राचे द्रव वेगळे. विजेच्या मोटारीत गिअर बदलावे लागत नाहीत, तरी वेग कमी करणारी दंतचक्रे असतात आणि त्यांनाही त्यांचे नेमून दिलेले तेल लागते. तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीत काय घातले यावरून आपल्या गाडीचा निर्णय करता येत नाही. निर्णय गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका बहुतेक घरी विम्याच्या कागदांखाली, न उघडलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात, पडून असते.

तेल बदलताना दोन-तीन पथ्ये पाळावीत. गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासह बाहेर पडते. गाडी सपाट जागी, चारी बाजूंनी सारखी उचललेली असावी. सर्वांत महत्त्वाचे असे की, तेल भरण्याचे वरचे बूच आधी सैल करून पाहावे आणि मगच खालचे सोडावे. वरचे बूच गंजून अडकले असेल तर तेल रिकामे झालेली गाडी जागच्या जागी अडकून पडते. भरताना पुष्कळ गाड्यांत तेल भोकाच्या खालच्या कडेशी आले की थांबावयाचे असते. लहान मोटारीत साधारण दोन लिटरांच्या आसपास तेल मावते. नेमके माप पुस्तिकेत पाहावे. जास्त भरले तर ते फेसाळते आणि सीलमधून बाहेर पडते. कमी पडले तर वरच्या भागातील बेअरिंगे कोरडी राहतात. डबा आपल्यासमोर उघडला जावा आणि त्यावरील अक्षरे आपण स्वतः वाचावीत. काढलेले तेल स्वर्णरेखेच्या नाल्यात किंवा गटारात जाऊ देऊ नये. जुने तेल शुद्ध करणाऱ्यांकडे पोचेल अशा ठिकाणीच ते द्यावे.

निघालेले तेल हे पेटीचे प्रकृतिमान सांगते. खालच्या बुचाला पुष्कळदा लोहचुंबक असतो. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर ती नेहमीची झीज समजावी. बोटाला टोचणारे पोलादाचे कण किंवा तुकडे दिसले तर दात वा बेअरिंग बिघडले आहे. तेलात सोनेरी चमक दिसली तर पितळेची कडी झिजत आहे. आणि तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात मोठा पूर आला होता. अशा वेळी ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहतात, त्यांच्या मालकांनी इंजिन सुरू झाले एवढ्यावर समाधान मानू नये. पेटीला हवा घेण्यासाठी एक बारीक नळी असते. गाडी बुडाली की तिच्यातूनही पाणी आत जाते आणि गंज निमूटपणे आपले काम करतो. पूर ओसरताच हे तेल तपासून घ्यावे.

मेळ्यातील तो जुना शेतकरी शिकलेला नसेल. परंतु बैलाला काय मानवते हे तो विचारून घेई आणि तेच घाली. शेजाऱ्याच्या बैलाला सरकी मानवते म्हणून आपल्याही बैलापुढे तो सरकीचे घमेले ओतीत नसे. आजच्या मोटारमालकाला तेवढेच करावयाचे आहे. मिस्त्रीने “बढ़िया वाला डाल दूँ?” असे विचारले, तर नम्रपणे पुस्तिका उघडून त्याच्यापुढे धरावी आणि म्हणावे, “जो इसमें लिखा है, वही डालिए.” एवढ्याने त्याचा अवमान होत नाही, आणि पेटीचे दात पुष्कळ वर्षे शाबूत राहतात.